चिंच-मीठ लावून मी सातशे वर्षांचं नाणं घासलं त्याची गोष्ट

आधी कबुली देऊन टाकते म्हणजे मन हलकं होईल. मध्ययुगीन स्पेनमधल्या कास्तिया राज्याचा राजा सांचो चौथा, राज्यकाळ १२८४ ते १२९५, त्याचं एक नाणं सातशेपेक्षा जास्त वर्षं जमिनीत, पेट्यांत, कुणाकुणाच्या ड्रॉवरमध्ये टिकून राहिलं आणि शेवटी माद्रिदमधल्या माझ्या स्वयंपाकघरात आलं आणि मी त्याला चिंच आणि मीठ लावून घासलं. आई देवाची भांडी घासते तसं. पाच मिनिटांत चकचकीत झालं, म्हणजे मधेमधे गुलाबी, मधेमधे पांढुरकं, आणि राजाचं नाक गेलं. सध्या ते माझ्याकडे एका वेगळ्या पाकिटात आहे आणि पाकिटावर मी "शिक्षा" असं लिहून ठेवलंय.

आता सुरुवातीपासून सांगते. नोकरीमुळे आम्ही माद्रिदला राहतो, रविवारी सकाळी इथे करायला फारसं काही नसतं कारण सगळं गाव उशिरा उठतं, तर एकदा फिरत फिरत प्लासा मायोरला गेले. हा मोठा चौकोनी चौक, चारी बाजूंना कमानी, आणि त्या कमानींखाली रविवारी सकाळी स्टॅम्प आणि नाणी विकणाऱ्यांची टेबलं लागतात. दुपारी दोनच्या आसपास सगळं गुंडाळून जेवायला जातात. मला नाण्यांचं एवढंच माहीत होतं की बाबांकडे बोर्नव्हिटाच्या डब्यात काही शिवराया आहेत आणि त्यावर एका बाजूला "श्री राजा शिव" आणि दुसऱ्या बाजूला "छत्रपति" असतं. बस्स.

एका म्हाताऱ्या विक्रेत्याच्या टेबलावर मखमलीच्या ट्रेमध्ये छान छान चांदीची नाणी होती, त्यांच्या किमती बघून मी हात मागे घेतला, आणि ट्रेच्या बाजूला एका प्लास्टिकच्या डबीत काळे, हिरवट, पातळ चकत्यांसारखे तुकडे होते. मी विचारलं हे काय, तर म्हणे वेयोन. पन्नास युरो, सगळे घेऊन जा, बावीस आहेत, नीट ओळखता आले तर नशीब तुझं. तो मला "ईखा" म्हणतो, म्हणजे पोरी. आपल्याकडे पन्नाशीतल्या बाईलासुद्धा भाजीवाला "ताई" म्हणतो तसंच. घेतले मी. नवऱ्याने विचारलं पन्नास युरोला काय आणलंस, दाखवल्यावर काही बोलला नाही, आणि न बोलणं जास्त लागतं.

तर वेयोन म्हणजे चांदी आणि तांब्याचं मिश्रण, ज्यात तांबंच जास्त. मध्ययुगात कास्तियात सामान्य माणसाच्या हातात फिरायचं ते हेच, सोनं-चांदी वर, हे खाली. यातल्या मूळ नाण्याचं नाव दिनेरो. आजच्या स्पॅनिशमध्ये दिनेरो म्हणजे सरळ "पैसे". मूळ रोमन लोकांचं देनारिउस, त्याचाच अरबीत दीनार झाला आणि आपल्या गुप्तांच्या शिलालेखातसुद्धा दीनार आहे. दिरहमचं पण तसंच, ग्रीक द्राख्मा, तिकडे दिरहम झाला, इकडे शिलाहारांच्या लेखांत द्रम्म आणि त्यावरून आपला दाम. म्हणजे "दाम करी काम" मधला दाम आणि मुसलमानी स्पेनमधल्या कोर्दोबाच्या खलिफाचा दिरहम हे चुलत भाऊ आहेत. हे कळल्यावर मी दोन दिवस ऑफिसमध्ये सगळ्यांना सांगत होते, कुणालाही काही पडलेली नव्हती.

पहिलं काम म्हणजे सगळी नाणी स्टीलच्या ताटात पसरली आणि वजन केलं. सोनारासारखा छोटा डिजिटल काटा मागवला, ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत दाखवणारा. बहुतेक तुकडे ०.७ ते १ ग्रॅमच्या मधे भरले, म्हणजे काही वजनच नाही, फुंकर मारली तर उडतील. आणि ते वाजत नाहीत. आपण खणखणीत नाणं म्हणतो ना, हे टेबलावर टाकलं तर "थप्" असा आवाज, वाळलेलं पान पडल्यासारखा.

मग वाचन. इथे मला वाटलं होतं लॅटिन अक्षरं आहेत म्हणजे सोपं जाईल, पण छे. ही अक्षरं गोल गोल, ई चंद्रकोरीला मधे दांडी लावून बंद केल्यासारखा, टी सुद्धा गोलाकार, आणि अर्धी अक्षरं काठावरून कापली गेलेली कारण नाणं हातोड्याने ठोकताना साचा एका बाजूला सरकलेला. एक साचा खाली, मधे चकती, दुसरा साचा वर आणि घाव. दिवसभर तेच काम करणाऱ्या माणसाचा हात संध्याकाळी किती सरळ राहणार. मला हे सरकलेलेच जास्त आवडतात.

एक युक्ती लवकर सापडली, मोबाईलचा टॉर्च वरून न मारता अगदी आडवा, टेबलाला चिकटवून धरायचा. वरून प्रकाश टाकला की काळी चकती, आडवा टाकला की अचानक त्यातून किल्ला वर येतो. पहिल्यांदा किल्ला दिसला तेव्हा मी खरंच ओरडले. तीन बुरुजांचा किल्ला, आणि दुसऱ्या एकावर सिंह. किल्ला म्हणजे कास्तिया, कारण नावातच किल्ला आहे, आणि सिंह म्हणजे लेओन, कास्तियाच्या राजाचंच दुसरं राज्य, कारण स्पॅनिशमध्ये सिंहालाही लेओनच म्हणतात. गंमत अशी की लेओन शहराच्या नावाचा सिंहाशी काही संबंध नाही, तिथे रोमनांच्या सातव्या लीजनची, म्हणजे सैन्यतुकडीची, छावणी होती, लेजिओ वरून लेओन. नाण्यावर लॅटिनमध्ये "लेजिओनिस" असंच कोरलेलं असतं आणि शेजारी सिंह उभा. शब्दावर कोटी करून राजचिन्ह बनवलं आणि ते आजही स्पेनच्या झेंड्यावर आहे.

बावीसमधली सहा एकाच प्रकारची निघाली. मुकुट घातलेलं डोकं डावीकडे बघतंय, भोवती "सान्सी रेक्स", मागे किल्ला आणि "कास्तेले लेजिओनिस". हा कोर्नादो, कोरोनादो म्हणजे मुकुटवाला, त्याचं बोलीतलं रूप. सांचो चौथ्याने सुरू केला. स्पॅनिशमध्ये "एका कोर्नादोचीही किंमत नाही" अशी म्हण आहे, आपल्या फुटक्या कवडीसारखी. म्हणजे मी सहा फुटक्या कवड्या विकत घेतल्या होत्या आणि आनंदात होते.

किल्ल्याच्या जवळ एखादं बारीक अक्षर असतं, ती टांकसाळीची खूण. नंतरच्या राजांच्या काळात या खुणा फार मजेशीर होत जातात, सेगोव्हियाची खूण म्हणजे तिथला रोमन जलसेतू, छोट्या छोट्या कमानी, क्वेंकाची खूण वाडगा कारण वाडग्याला क्वेंको म्हणतात, ला कोरुन्याची खूण शिंपला, तोच जो सान्तियागोचे यात्रेकरू अंगावर लावतात. लहान मुलांच्या मासिकात चित्रकोडी असतात तसं.

तर सहा कोर्नादोंमधल्या एकावरचं अक्षर ओळखू येत नव्हतं म्हणून चिंचेचा प्रयोग झाला. आता मला कळतं काय झालं. ही नाणी बनवताना शेवटी आम्लात उकळून पांढरी करत, त्यात वरच्या थरातलं तांबं निघून जातं आणि पृष्ठभागावर चांदी राहते, कल्हई केल्यासारखं दिसतं. नंतर आलेल्या एका नाण्याचं तर नावच ब्लांका, म्हणजे पांढरी. तर तो वरचा पातळ थर सातशे वर्षं कसाबसा टिकला होता, त्यावर जमिनीतली काळी पुटं बसली होती आणि ती पुटंच आता खरी त्वचा होती, अक्षरं त्या पुटातच होती. मी ती घासून काढली. आतून तांबं बाहेर आलं. पुढच्या रविवारी मी ते म्हाताऱ्याला दाखवलं, त्याने भिंग लावलं, काढलं, परत लावलं आणि विचारलं, "ईखा, याने तुझं काय वाईट केलं होतं?"

तेव्हापासून नियम असा की डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवायचं, आठ-दहा दिवस, रोज पाणी बदलायचं, मग लाकडी टूथपिकने मातीच तेवढी काढायची, आणि हिरवा कळंक पावडरसारखा सुटत असेल तर ते नाणं बाकीच्यांपासून वेगळं ठेवायचं. बाकी काही करायचं नाही. हात शिवशिवले तर खरंच घरातली भांडी घासायची.

आता मला यात खरं काय सापडलं ते सांगते, कारण सुरुवातीला मीही सोन्याचांदीचीच स्वप्नं बघत होते. पण चांदीचं नाणं राजाला जे म्हणायचंय ते म्हणतं. वेयोन मात्र राजाचे खिसे किती रिकामे होते ते सांगतं. ताटात मी नाणी राजांच्या क्रमाने लावली आणि नुसत्या रंगावरून दिसायला लागलं, इथे पैसे संपले, इथे परत थोडे आले, इथे पार दिवाळं.

आल्फोन्सो दहावा घ्या, १२५२ ते १२८४. इतिहासात त्याला "शहाणा" म्हणतात, ग्रहताऱ्यांची कोष्टकं करून घेतली, कायदे लिहून घेतले, विद्वान माणूस. त्याचं एक दिनेरो मला मिळालं ज्यावर एका बाजूला चित्रच नाही, नुसता मजकूर, सहा ओळींत कोंबलेला, "आल्फोन्सुस रेक्स कास्तेले एत लेजिओनिस", आणि शब्द कुठेही तोडलेत. एसटीच्या तिकिटावर गावाचं नाव अर्धं छापतात तसं. तर या शहाण्या राजाला पवित्र रोमन सम्राट व्हायचं होतं, १२५७ मध्ये काही जर्मन राजपुत्रांनी त्याला निवडलं पण, आणि मग १२७५ पर्यंत तो त्या गादीच्या मागे पैसे ओतत राहिला आणि ती मिळाली नाही ती नाहीच. वर १२६४ मध्ये दक्षिणेत मुदेहार मुसलमान प्रजेचं बंड. पैसे कुठून आणायचे, तर नाण्यातली चांदी कमी करायची. महागाई वाढली की राजा फर्मान काढायचा की अमुक वस्तूची किंमत अमुकच, १२५२ ला काढलं, १२६८ ला परत काढलं. दुसऱ्यांदा काढावं लागलं यातच पहिल्याचं काय झालं ते आलं.

मग हुआन पहिला. याची ब्लांका माझी सगळ्यात लाडकी, तिच्यावर कोकरू आहे, झेंडा घेतलेलं. "देवाचं कोकरू, जगाची पापं वाहून नेणारं" असं लॅटिनमध्ये भोवती, मागे मुकुट घातलेला वाय, राजाच्या नावाचा, कारण तेव्हा हुआन हे नाव वायने लिहायचे. दिसायला इतकं गोड की वाटतं चर्चने काढलंय. पण वेळ बघा, १३८५ च्या ऑगस्टमध्ये अल्जुबारोताला पोर्तुगीजांनी या राजाचा सपाटून पराभव केला, आणि पुढच्याच वर्षी इंग्लंडहून लँकेस्टरचा ड्यूक गादीवर हक्क सांगत सैन्य घेऊन उतरला. युद्धासाठी पैसा पाहिजे, म्हणून हे कोकरूवालं नाणं एक मारावेदी (कास्तियात हिशोब ज्यात करायचे ते एकक) किमतीचं म्हणून बाजारात सोडलं, आत चांदी नावापुरती. लोक काय मूर्ख होते का, आणि मग सरकारनेच त्याची किंमत खाली आणली. ज्यांच्या घरात रात्री होती त्यांची सकाळी कमी झाली. हे वाचताना २०१६ चा नोव्हेंबर आठवला नाही असा मराठी माणूस मला दाखवा. जगाची पापं कोकरावर, आणि राजाचं कर्ज प्रजेवर.

एन्रिके चौथा (१४५४ ते १४७४) तर विचारूच नका. यादवी झाली, १४६५ ला सरदारांनी आव्हिलाला त्याचा पुतळा सिंहासनावरून ढकलून त्याच्या लहान भावालाच राजा केलं, आणि मग सरदारांना आपल्या बाजूला ठेवायला राजाने टांकसाळीचे परवाने वाटले. पाच-सहा अधिकृत टांकसाळी होत्या त्या दीडशेवर गेल्या असं त्याच काळातल्या वृत्तांतात आहे. कुणीही उठावं आणि नाणी पाडावीत. माझ्या ताटात याच्या चार आहेत, त्यातल्या दोन अशा भिकार आहेत की राजाच्या नावाचं स्पेलिंग पण धड नाही. त्या अधिकृत की सरदाराच्या अंगणातल्या, आता त्याला काय फरक पडतो. हा सगळा पसारा शेवटी याच्या बहिणीने आवरला, इसाबेल आणि तिचा नवरा फेर्नांदो, १४९७ ला मेदिना देल काम्पोचं फर्मान काढून, चांदीचा रेआल म्हणजे ३४ मारावेदी, सोन्याचा दुकादो ३७५, आणि ब्लांका अर्धा मारावेदी. पुढच्याच महिन्यात तिकडे वास्को द गामा निघाला.

बावीसमधला एक घुसखोर पण निघाला, सतराव्या शतकातला तांब्याचा जाड तुकडा, त्यावर रोमन आठ ठोकलेला, म्हणजे जुन्याच नाण्यावर नवी किंमत हाणलेली. मध्ययुग संपलं तरी सवय संपली नव्हती.

बनावट प्रकरण पण सांगते, लपवून काय उपयोग. दोन वर्षांनी धीर चेपला, चांदी पाहिजेच झालं, आणि ऑनलाइन लिलावात पेद्रो पहिल्याचा रेआल घेतला. हा पेद्रो म्हणजे शत्रूंच्या भाषेत क्रूर, मित्रांच्या भाषेत न्यायी, १३६९ ला माँतिएलला सावत्र भावाने स्वतःच्या हाताने भोसकला. नाण्यावर मोठा मुकुटवाला पी आणि भोवती स्तोत्रातली ओळ, देव माझा पाठीराखा आणि मी माझ्या शत्रूंना तुच्छ लेखीन. शेवट माहीत असल्यावर ही ओळ वाचायला कसंतरी होतं. फोटोत देखणं होतं. घरी आल्यावर काट्यावर २.८ ग्रॅम. साडेतीनच्या आसपास पाहिजे. मी स्वतःला समजावलं झिजलं असेल. म्हाताऱ्याने हातात घेतलं, भिंगसुद्धा नाही लावलं, कड नखाने दाखवली, तिथे सगळीकडून कानस मारलेली, ओतीव नाण्याचा सांधा लपवायला. मग भिंगातून मला दाखवलं, सपाट भागावर बारीक बारीक खड्डे, बुडबुड्यांचे, अप्पेपात्रासारखे. ठोकलेल्या नाण्यावर असे येत नाहीत. विकणाऱ्याने मेसेजला उत्तर दिलं नाही. तेव्हापासून आधी वजन विचारते, मग कडेचा फोटो मागते, आणि बिल मिळत नसेल तर घेतच नाही, कारण इथे १९८५ चा वारसा कायदा आहे, जमिनीत सापडलेलं सगळं सरकारचं, त्यामुळे "शेतात सापडलं हो" असं कुणी लाडाने सांगितलं की उलट पावली निघायचं.

आणि आता ते चौकोनी. म्हाताऱ्याने एकदा स्वतःहून काढून दिलं, नखाएवढं चौकोनी चांदीचं पान, दोन्हीकडे अरबी. मुवाह्हिद, म्हणजे इथे अल्मोआदे म्हणतात ते उत्तर आफ्रिका आणि दक्षिण स्पेनवर राज्य करणारं मुसलमान घराणं, त्यांची नाणी अशी चौकोनी, तारीख नाही, बहुतेकांवर गावही नाही. ऑफिसमध्ये माझ्यासोबत एक मोरोक्कोची मुलगी आहे तिला दाखवलं. याआधी खलिफांच्या काळातल्या दिरहमचा फोटो दाखवला होता तर ती म्हणाली यात टिंबंच नाहीत, हे कोण वाचणार, कुफी लिपी ती. पण हे वळणदार होतं, ती धडाधड वाचायला लागली, "अल्लाह आमचा प्रभू, मुहम्मद आमचा प्रेषित, महदी आमचा इमाम", आणि मधेच थांबली. म्हणाली हे लिहिणाऱ्याला लिहिता येत नव्हतं. हे अक्षर असं जोडत नाहीत, हे तर नुसतं चित्र काढलंय.

रविवारी म्हाताऱ्याला सांगितलं तर तो असा हसला, म्हणे म्हणूनच तुला दिलं. ते मियारेस, ख्रिश्चन मुलखात पाडलेलं. तेराव्या शतकात कातालुन्यापासून दक्षिण फ्रान्सपर्यंत ख्रिश्चन राजे आणि चक्क बिशपसुद्धा मुसलमानी दिरहमची नक्कल पाडत होते, कारण उत्तर आफ्रिकेशी व्यापार करायचा तर तिथला व्यापारी हेच नाणं घेणार. १२६६ मध्ये पोप क्लेमेंट चौथ्याने दक्षिण फ्रान्समधल्या मागेलोनच्या बिशपला पत्र लिहून झापलं की ख्रिश्चन असून मुहम्मदाच्या नावाने नाणी पाडतोस. धर्म एका खिशात, नाणी दुसऱ्या खिशात.

त्याआधीचं एक तर मी म्युझियमच्या काचेमागेच बघितलं, आल्फोन्सो आठव्याचं सोन्याचं. मुर्सियाचा मुसलमान राजा इब्न मर्दनीश, ज्याचं सोनं कास्तियात चालायचं, तो ११७२ ला वारला, सोनं थांबलं, तर आल्फोन्सोने तोलेदोत स्वतःच तसंच नाणं पाडलं. सगळं अरबीत. एका बाजूला पोपला "ख्रिस्ती चर्चचा इमाम" म्हटलंय आणि दुसऱ्या बाजूला स्वतःला "कॅथलिकांचा अमीर, सांचोचा मुलगा आल्फोन्सो". एक क्रूस आणि खाली तीन लॅटिन अक्षरं, ए एल एफ. पुढे ज्या मारावेदीत सगळा हिशोब चालला त्याचं नावच मुळी मुराबितीन या मुसलमान घराण्यावरून आलंय.

मी हे सगळं बाबांना फोनवर सांगितलं. एरवी त्यांचा एकच प्रश्न असतो, "चांदी आहे का?" यावेळी थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले अगं यात काय एवढं, आपल्या पेशव्यांचा अंकुशी रुपया बघ, पुण्यात पाडलेला, आणि त्यावर नाव कुणाचं, दिल्लीच्या बादशहाचं, फारसीत. छत्रपतींची शिवराई देवनागरीत, पण मोठ्या व्यवहाराचा रुपया बादशहाच्या नावाने, कारण सावकार तोच घ्यायचा. मी म्हटलं बाबा तुमच्याकडे आहे का तो, तर म्हणाले बोर्नव्हिटाच्या डब्यात तळाशी असेल एक, आजोबांचा, काळा पडलाय, थांब आईला सांगतो चिंच लावून...

मी इतक्या जोरात "नको" म्हणाले की शेजारच्या खोलीतून नवरा धावत आला.